बिनबटणांची वार

आमच्या घरमालकांकडे कोणी बाळाचे पेढे घेऊन आलं की ते पेढ्यांकडे बघायचे नाहीत. मुलगा की मुलगी, हेही विचारायचे नाहीत. पायरीवर उभ्या असलेल्या आनंदी बापाला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "वार पडली का?"

बापाला बहुतेक वेळा प्रश्नच कळायचा नाही. मग घरमालक काका समजावून सांगायला बसायचे. बाळ बाहेर आलं म्हणजे बाळंतपण संपलं असं नाही. बाळाच्या मागून वार येते, पोटात त्याला पोसणारी. ती अख्खी बाहेर पडली की मग संपलं. "आत अडकली तर काय खरं न्हाय. तुमी डोळ्यानं बघितली का? न्हाय? मग पेढे कशाचे वाटायलाय?" बाप गोंधळून पेढ्यांचा पुडा कठड्यावर ठेवायचा आणि घाईघाईनं दवाखान्यात फोन लावायचा. काका एक पेढा तोंडात टाकून आम्हाला सांगायचे, "शिकलेली माणसं हायत, पण चौकशी न्हाय."

ते निवृत्त पशुधन पर्यवेक्षक होते. सगळी नोकरी माढा तालुक्यात आणि उजनीच्या काठच्या गावांत, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात झालेली. निवृत्तीनंतर त्यांनी जुळे सोलापुरात दुमजली घर बांधलं. खाली ते, वर भाडेकरू म्हणून आम्ही. मी हायस्कूलला भूगोल शिकवते, नवरा बँकेत. काकू बहुतेक वेळ हैदराबादला मुलाकडे असायच्या. काका तिकडे जायचे आणि आठवड्याभरात परत यायचे. "तितं जनावरच न्हाय ओ बाई, नुसती माणसं," अशी त्यांची हैदराबादबद्दल तक्रार होती. कॉलनीतले लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे. ते लगेच दुरुस्ती करायचे, "डॉक्टर निराळा. तो सही करायचा. मी हात घालायचो."

कुणी आजारी असलं की ते कपाळाला हात लावायचे नाहीत, सरळ कान धरायचे. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाचा कान धरून त्यांनी सांगितलं होतं, "गार हाय. क्याल्शियम कमी पडलंय." तो पुढच्या वेळी सिलिंडर फाटकातच ठेवून गेला. आमच्या थोरलीचं वय त्यांना कधी लक्षात राहायचं नाही. ते तिला तोंड उघडायला लावायचे, दात बघायचे आणि अंदाज सांगायचे. अंदाज बरोबर यायचा.

माणसांशी ते असे वागायचे, पण जनावरांशी अत्यंत अदबीनं. अडलेल्या गाईला हात घालण्याआधी ते तिची परवानगी घ्यायचे. "आई, जरा हात घालतो, राग मानू नको." मी एकदा हसले तर ते गंभीर झाले. न विचारता हात घातला तर ती लाथ मारते, म्हणाले, आणि तिचं बरोबर असतं.

त्यांच्या नोकरीतलं मोठं भांडण वडाच्या झाडांशी होतं. गाय किंवा म्हैस व्याली की तिची वार पोत्यात भरून वडाला टांगायची, वड चिकाचं झाड असल्यामुळे जनावराचं दूध वाढतं, अशी त्या भागात समजूत. काकांना ते घाणेरडं वाटायचं. वार पुरा म्हणून ते गावोगाव सांगत फिरले. कोणी ऐकेना तेव्हा एका गावात ते स्वतः वडावर चढले, पोती काढली आणि खड्ड्यात पुरली. त्याच आठवड्यात पाटलांच्या म्हशीचं दूध आटलं आणि गावानं काकांची बदली मागितली. "म्हैस गाभण हुती," ते सांगायचे. "गाभण म्हैस आटणारच की. पण वडावर मी चढलो हुतो ना!"

आता माझं सांगायला हवं, कारण काकांची गोष्ट त्याशिवाय पुढे जात नाही.

थोरली माहेरी झाली. बाळंतपण सुरळीत झालं, आणि सोलापूरला परत आल्यावर माझं काहीतरी बिघडलं. मुलगी रडायची आणि मी शेजारच्यांचं मूल रडत असल्यासारखी बसून राहायचे. न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. हे मूल माझ्याकडे चुकून आलंय, कुणीतरी येऊन न्यावं, असं वाटायचं. नुसता थकवा आहे, असं सगळे म्हणाले, मीही तेच म्हटलं. बरेच महिने गेल्यावर ते ओसरलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. पण दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मला भीती कळांची नव्हती. मला त्या नंतरच्या महिन्यांची भीती होती, आणि ती इतकी होती की रस्त्यात बाबागाडी दिसली तरी मी मान फिरवायचे.

माझी नणंद पुण्याला असते. एकदा फोनवर बोलता बोलता मी तिच्याजवळ रडले, तेव्हा तिनं ओळखलं. तिनंच तो उपाय काढला. बाळंतिणीनं स्वतःची वार खायची. कच्ची नाही. वाफवायची, वाळवायची, पूड करून कॅप्सूलमध्ये भरायची. तिच्या ओळखीची एक बाई हे घरगुती करून देते. मन खचत नाही, दूध चांगलं येतं, अंगात ताकद राहते.

सासूबाई बाळंतपणासाठी माढ्याहून आल्या होत्या. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. "पुरत्यात गं ती," त्या म्हणाल्या. "हळदकुंकू लावून पुरत्यात. खात्यात कुटं?"

"आई, सगळे सस्तन प्राणी खातात," नणंद फोनच्या स्पीकरवरून म्हणाली.

सस्तन प्राण्यांचा विषय निघाला म्हटल्यावर नवरा खाली जाऊन काकांना घेऊन आला. काका खुर्चीत बसले, फोन समोर ठेवला, आणि कोर्टात साक्ष द्यावी तसे बोलले.

"खाते. गाय खाते, म्हैस खाते, शेळी खाते. कुत्री तर खातेच खाते."

"बघा!" नणंद म्हणाली.

"पण ताई, का खाते? वास मारायला. रानात त्या वासावर लांडगा येतो, वाघ येतो. वार खाल्ली, वास गेला, वासरू वाचलं. आता मला सांगा, जुळे सोलापुरात वाघ हाय का?"

नणंद म्हणाली, काका, त्यात हार्मोन्स असतात, लोह असतं.

"असत्यात की. गुळातबी लोह असतं. मी जन्मभर गोठ्यात काय केलं? गाय व्याली की तिला वार खाऊ दिली न्हाय. एका जर्सीनं आमची नजर चुकवून गिळली. रवंथ बंद, पोट फुगलं, दिवसभर तिचा मालक माझ्या नावानं बोंबलत हुता. गवत खाणारं जनावर हाय ते. तुमच्या वहिनीबी वरण-भात खाणाऱ्या हायत."

मी माझ्या डॉक्टरबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, फायदा होतो असा भरवशाचा पुरावा नाही, जंतुसंसर्गाची भीती मात्र आहे. वार तुमची आहे, न्यायची तर न्या, पण मी खा म्हणणार नाही. मी त्यांना फक्त वारेबद्दल विचारलं. का विचारते आहे, ते सांगितलं नाही.

सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मी ठरवलं, खायची. पुरावा मला नकोच होता. भिंतीचा चुना खाल्ला तर ते महिने परत येणार नाहीत असं कुणी सांगितलं असतं, तर मी भिंत चाटली असती. हे मी नवऱ्याला सांगितलं आणि त्यानं, अर्थातच, काकांना सांगितलं. मला वाटलं आता वाघ पुन्हा निघणार. पण माळ्यावरून काकांनी नोकरीतली निळी लसपेटी काढली, बर्फाचे पॅक आपल्या फ्रीजमध्ये टाकले, आणि वर येऊन सांगितलं, "खायची तर खावा. पण नासलेली खाऊ नका."

एप्रिलात एका सकाळी धाकटी झाली. मी ठीक, बाळ ठीक. प्रसूतिगृहात वार नेणार का म्हणून विचारतातच, कारण पुष्कळ घरांत ती अजून पुरतात. नवऱ्यानं ती स्टीलच्या डब्यात घेतली, डबा लसपेटीत ठेवला आणि घरी आणला. दुपारच्या ट्रॅव्हल्सनं पेटी पुण्याला जायची होती. सासूबाईंनी आमच्या फ्रीजसमोर खुर्ची टाकून ठाण मांडलं होतं, त्यामुळे पेटी काकांकडे राहिली. तेवढ्यात बर्फ बदलून ठेवा, एवढंच त्यांना सांगून नवरा माझ्यासाठी पेज घेऊन परत दवाखान्यात आला.

काकांनी बर्फ बदलला. मग त्यांच्यानं राहवलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना वार पडली का म्हणून विचारणाऱ्या या माणसानं माणसाची वार कधीच पाहिलेली नव्हती. त्यांनी डबा उघडला आणि मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर ती पसरली.

गाईची वार मोठी असते, पसरली तर सोलापुरी चादरीएवढी जागा घेते, आणि तिच्यावर लालसर गाठी असतात, पुष्कळ. गोठ्यात त्यांना बटणं म्हणतात. त्या बटणांनीच ती आत धरलेली असते, एकेक सोडवावं लागतं, आणि मागे एक जरी राहिलं तरी जनावर तापानं फणफणतं. काकांची सगळी हयात ही बटणं सोडवण्यात गेली होती. आणि इथे दगडावर होती बाजरीच्या भाकरीएवढी एक गोल वस्तू. त्यांनी उलटी केली, सुलटी केली. काकांच्या हिशोबानं बाईंचं एकच बटण बाहेर आलं होतं आणि बाकीची सगळी वार आत होती.

ते जुन्या स्कूटरवरून दवाखान्यात आले. अंगात बनियन, कमरेला लुंगी, आणि उजव्या हातात खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा, जनावरांचे डॉक्टर घालतात तो. घाईत काढायचा राहिला की लागेल म्हणून ठेवला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. रिसेप्शनवरची मुलगी उठून उभी राहिली. काका व्हरांड्यातूनच ओरडले, "बाईंची वार आत ऱ्हायलीय! एकच बटण पडलंय!"

माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक तो मोजा बघून बाहेर निघून गेले. मी मात्र घाबरले. खरंच घाबरले, कारण काका या विषयात खोटं बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. डॉक्टरबाई आल्या, त्यांनी मला पुन्हा तपासलं, सोनोग्राफी केली, आणि मग काकांना खोलीत बोलावलं.

"काका, सगळी आली आहे. माणसाची एवढीच असते."

"आणि बटणं?"

"नसतात. माणसाची एकच ताटली."

"एकच?"

"एकच."

काकांनी मोजा हळूहळू काढला, त्याची घडी घातली. "मग लई सोपं हाय की," ते म्हणाले. नंतर माझ्या खाटेजवळ आले, बाळाकडेही बघितलं नाही. "बाई, तुमाला उगं भ्या घातलं. माफी करा."

या सगळ्यात वार धुण्याच्या दगडावरच राहिली होती, एप्रिलातल्या सोलापूरच्या उन्हात. नवऱ्यानं व्हिडिओ कॉलवर नणंदेला ती दाखवली. नणंदेनं फोन डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितलं. मग म्हणाली, "दादा, आता नको." एवढे दिवस कुणालाही न सुटलेला वाद उन्हानं दोन तासांत सोडवला. अंगणातल्या कढीपत्त्याच्या झाडाखाली काकांनी खोल खड्डा घेतला. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, काकांनी सरकारी पद्धतीनं चुना टाकला. दोघंही समाधानी होती.

नवऱ्यानं मला हे सगळं दवाखान्यात सांगितलं तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले. पण हसताना मला आतून भीती वाटत होती. माझ्याकडे तेवढा एकच उपाय होता आणि तो पुरला गेला होता.

तिसऱ्या आठवड्यात ते परत आलं. अगदी तसंच. फरक एवढाच की या वेळी मला ते लपवता येत होतं. मी वेळेवर पाजत होते, वेळेवर आंघोळ घालत होते, भेटायला आलेल्यांना चहा देत होते. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, सून यंदा किती शांत आहे. रोज सकाळी डोळे उघडले की आजचा दिवस कसा संपवायचा, हा एकच विचार मनात यायचा. बाळाचा चेहरा मी टाळत होते.

काका मात्र वर येईनासे झाले होते. आपण बाईंचं नुकसान केलं हे त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. थोरलीच्या हाती कधी शेपूची जुडी पाठवायचे, कधी बाजरी.

एका दुपारी नवरा बँकेत होता आणि सासूबाई थोरलीला घेऊन भाजीला गेल्या होत्या. काका वर आले आणि दाराबाहेरच थांबले. चप्पलसुद्धा काढली नाही.

"बाई, जरा बोलतो. राग मानू नका."

"बोला ना."

"तुमचा आवाज बंद झालाय."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"तुमी लेकराला पाजता, न्हाऊ घालता, सगळं करता. पण बोलत न्हाय. खाली सगळं ऐकू येतं ओ मला. बाई लेकराशी बोलत असतेच की, न्हाय तर रागावते तरी. तुमचं काय बी न्हाय. थोरलीच्या टायमालाबी असंच झालं हुतं." त्यांनी दाराची चौकट धरली. "तवाच मला कळलं हुतं बाई. मी बोललो न्हाय. बाईमाणसाचं, दुसऱ्याच्या घरातलं, आपण कसं बोलायचं म्हणून गप बसलो. म्हैस असती तर दोन मिनिटांत तिच्या मालकाला बोललो असतो."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. मी म्हटलं, "माझं औषध तुम्हीच उन्हात टाकलंत काका."

"व्हय," ते म्हणाले. "टाकलं. म्हणून तर आलोय. पण बाई, ते औषध नव्हतं. औषध डॉक्टर देतो. चला."

इतके आठवडे न्हाणीघरात नळ सोडून रडणारी मी त्यांच्यासमोर, उघड्या दारात, मोठ्यानं रडले. त्यांनी कान धरला नाही, धीर दिला नाही. रडणं संपेपर्यंत ते नुसते दारात उभे राहिले, आणि मग खिशातून फोन काढून नवऱ्याला म्हणाले, "साहेब, बँक सोडा आणि या."

डॉक्टरबाईंनी एका मनोविकारतज्ज्ञांचं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो. नवरा, मी, बाळ आणि काका. काउंटरवरच्या मुलीनं काकांना विचारलं, पेशंटचे आपण कोण?

"घरमालक," काका म्हणाले.

तिनं पेन खाली ठेवलं. आम्ही त्यांना आत घेऊन गेलो. डॉक्टरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा थकवा नाही, आळस नाही, हा आजार आहे, पुष्कळ जणींना होतो आणि औषधानं बरा होतो. बाळाला पाजता येईल अशी गोळी देतो, पण फरक पडायला काही आठवडे लागतील. दुधातून लेकराला काही होणार नाही ना, हे काकांनी आडून आडून, उलटसुलट, चारदा तरी विचारलं. त्यावर लक्ष ठेवू, असं डॉक्टरांनी चारही वेळा न कंटाळता सांगितलं.

घरी आल्यावर गोळी माझ्या हातात तशीच राहिली. शाळेत कळलं तर, माहेरी कळलं तर, असलं सगळं डोक्यात येत होतं. जी बाई वार खायला तयार होती तिला एक गोळी खाववत नव्हती. काका दारात उभे होते.

"गिळा."

मी गिळली.

"तोंड उघडा. जीभ वर करा."

"काका!"

"म्हशी गालात धरून ठेवत्यात आणि आपली पाठ फिरली की थुकत्यात. लई हुशार असत्यात."

मी तोंड उघडलं, जीभ वर केली. हायस्कूलची शिक्षिका, दोन मुलींची आई, सासूबाईंच्या देखत. काकांनी वाकून दोन्ही गाल तपासले आणि खाली गेले. पुढे बरेच दिवस ते रोज सकाळी येत, एवढंच बघत आणि जात. कसं वाटतंय, असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचे उपकार मानते.

आठवडे गेले. काही होत नाहीये, असंच मला वाटत होतं. एका सकाळी मी धाकटीला पायावर घेऊन तेल लावत होते. तिनं लाथ मारली आणि तेलाची वाटी लादीवर उलटली. "अगं भवाने," मी म्हटलं, "सगळं तेल सांडलंस की! आता काय तुला कोरडीच घासू? बघते काय अशी टकामका?"

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं.

खाली कुणीतरी पितळी तांब्या आपटून ठेवला. मग काकांचा आवाज आला, पलीकडच्या रानातल्या माणसाला हाक मारावी तसा, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असा. "आला! बाई, आवाज आला!"

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या. कोण आलं, काय आलं, विचारायला लागल्या. मी रडत होते, पण हे रडणं वेगळं होतं, मला भूक लागली होती आणि बाळ मला आवडत होतं. ते मला त्याच क्षणी कळलं. तेलकट हातांनी मी तिला तशीच धरली आणि तिच्याशी बोलत राहिले. आज कुठली भाजी आहे, तिची ताई शाळेत काय विसरून गेली, बाहेर ऊन किती आहे, जे सुचेल ते. खाली ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच.